उलट्या अक्षरांचा वॉल्व्ह

ती घटना आठवायला मला वही उघडावी लागत नाही. बाकी प्रकरणांसाठी मी उघडतो. नोकरीत पहिल्या दिवसापासून याद्या करायची सवय होती आणि निवृत्तीनंतरही त्या वह्या मी क्रमाने लावून ठेवल्या आहेत. या एका प्रकरणात मात्र माझ्याच यादीतली एक ओळ मी सहा दिवस वाचली नाही. त्या सहा दिवसांत एक निर्दोष माणूस माझ्या कोठडीत बसून होता. म्हणून ते पाठ आहे.

काळ पन्नासच्या दशकातला. वाशीम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. आमचे वरिष्ठ अकोल्याला बसत. मी मंगरूळपीर तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हाताखाली एक जमादार, सात शिपाई आणि दोन सायकली, त्यांतली एक बहुधा दुरुस्तीला. नेहमीचे काम म्हणजे बैलचोऱ्या, शेताच्या धुऱ्यावरून मारामाऱ्या आणि बाजाराचा बंदोबस्त. या प्रकरणातल्या कोणाचेही नाव मी देणार नाही. त्यांची मुले-नातवंडे त्याच भागात आहेत.

शेलूबाजारच्या रस्त्याला सरकीचे तेल काढणारी एक नवी गिरणी उभी राहिली होती. सरकी भरडायची, वाफेवर शिजवायची आणि मग दाबून तेल काढायचे, असे तिथले काम. शिजवण्यासाठी माणूस आत उभा राहील एवढी दोन बंद लोखंडी पिंपे होती. मजूर त्यांना डेग म्हणत. बॉयलरची वाफ नळीतून डेगेत येई आणि प्रत्येक नळीवर हवेवर चालणारा एक वॉल्व्ह होता. बाहेरून तो छत्रीसारखा दिसे. छत्रीत रबराचा पडदा. हवा आली की पडदा दबे आणि आतला दांडा खाली जाई. हवा गेली की स्प्रिंग दांड्याला वर ढकले. हवा पुरवायला एक कंप्रेसर आणि ती साठवायला एक टाकी होती. भिंतीवर एक पेटी होती. तिचा काटा लावून दिला की वॉल्व्हला किती हवा द्यायची ते ती पेटीच बघे. हाताने फिरवायचे चाक त्या नळीवर नव्हते. पूर्वी होते, ते गळू लागले म्हणून काढून टाकले होते.

गिरणीत सगळ्यांना एक नियम पाठ होता. हवा आहे तर वाफ आहे. हवा गेली की वाफ बंद.

खांडेनवमीच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गिरणीचा चौकीदार सायकलवरून ठाण्यात आला. तो धापा टाकत होता. एक नंबरच्या डेगेत माणूस भाजला होता. आम्ही पोचेपर्यंत त्याला वरच्या झाकणातून बाहेर काढून बैलगाडीत घातले होते. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. आसेगावकडचा, तिशीतला, डेगेवर काम करणारा मजूर. पूजेआधी डेग आतून धुवायला उतरला होता. पूजा सुरू होण्याच्या बेतात असताना आत वाफ आली.

घटनास्थळाचा पंचनामा मी स्वतः लिहिला. पंच म्हणून शाळेचे हेडमास्तर आणि एक किराणा दुकानदार. मी दिसेल ते लिहितो. झाकणावर झेंडूची माळ. कंप्रेसरच्या चाकाला हळदकुंकवाची पाच बोटे, शेजारी न फुटलेला नारळ. बॉयलरची आग दाबलेली, पण वाफ धरलेली. बॉयलर पुरता निववला तर पुन्हा तापवायला दिवस जातो, म्हणून सणातही तो तसाच ठेवत. हवेच्या टाकीची खालची तोटी उघडी, टाकी रिकामी. आणि वॉल्व्हपाशी आलो तेव्हा हेडमास्तर मान वाकडी करून काहीतरी वाचू लागले.

"काय आहे?" मी विचारले.

"ओतीव अक्षरं आहेत, बनवणाऱ्याचं नाव. पण उलटी. खाली डोकं, वर पाय."

गिरणीचा मॅनेजर शेजारीच उभा होता. बाहेरगावचा, शिकलेला, चाळिशीतला गृहस्थ. तो म्हणाला, "बसवतानाच तसा बसला असेल, साहेब. अक्षरांनी काय फरक पडतो?"

मी लिहिले: एक नंबरच्या वॉल्व्हवरील अक्षरे उलटी. आणि पुढे गेलो.

खबर संध्याकाळी आली. गिरणीच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. टपरीवाला स्वतःहून ठाण्यात आला आणि बाकावर न बसता उभ्यानेच बोलला. त्याच्या सांगण्याप्रमाणे आठ दिवसांपूर्वी मयत आणि बॉयलरची आग सांभाळणारा फायरमन त्याच्या टपरीवर बसले होते. मयत म्हणाला होता, "साडभाऊ, तुह्या बॉयलरच्या वाफेनं माही सरकी शिजत नाई. माह्या बायकोच्या चुल्यावर शिजवून आणू काय?" त्यावर फायरमन पेला आपटून म्हणाला होता, "लय बोलून राह्यला तू. एक दिवस तुलेच डेगेत घालतो अन् उकडतो."

चारचौघांनी ते ऐकले होते. चौकीदाराचा जबाब घेतला तर तो म्हणाला, वाफ यायच्या जरा आधी फायरमन कंप्रेसरपाशी वाकलेला त्याने पाहिला. एवढ्यावर मी फायरमनला ताब्यात घेतले. तो बॉयलरपाशी जमिनीवर बसला होता. हातकडी पाहून त्याने दोन्ही हात स्वतःच पुढे केले.

मयत आणि फायरमन साडू होते. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दोन घरे एकाच अंगणात, पाण्याचा रांजणही एकच.

पहिली चौकशी मी त्याच रात्री न करता दुसऱ्या दिवशी सकाळी केली. दमलेला माणूस काहीही कबूल करतो आणि ते निस्तरावे पोलिसालाच लागते. जमादार लिहायला बसला.

"तू वाफ सोडलीस?"

"नाई जी. टाकीतली हवा सोडली."

"मग तो कसा मेला?"

"म्या मारला, सायब."

"कसा मारला?"

"हवा सोडली, अन् वाफ आली."

"हवा सोडली तर वाफ बंद व्हायला पाहिजे. गिरणीतला नियमच आहे ना?"

"हाव जी."

"मग?"

"मंग मले काय मालूम? हात तर माहाच होता."

तीन वेळा विचारले, तीनही वेळा हेच. जमादाराने लेखणी ठेवली. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा आणि मनातले लपवणारा नव्हता. "साहेब, गडी कबूल करून राह्यला अन् आपण काहून खोदून राह्यलो? धमकी हाय, साक्षीदार हाय, कबुली हाय. कागद बनवा, चालान करू."

"पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, जमादार."

"ते मले शिकवू नोका. तुमच्या मनात काय हाय ते सांगा."

मनात काय आहे ते मलाही नीट कळत नव्हते. मी वहीचे कोरे पान घेतले आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे जे माहीत आहे ते, उजवीकडे जे माहीत नाही ते. डावी बाजू भरली. त्यात टपरीवरची धमकी मी दोनदा अधोरेखित केली. उजवीकडे एकच ओळ उरली: हवा गेल्यावर वाफ कशी आली?

अकोल्याहून वरिष्ठांचा निरोप आला की प्रकरण सरळ दिसते, लांबवू नका. मॅजिस्ट्रेटने कोठडीची मुदत दिली होती, तिचे दिवस जात होते. मी रोज सकाळी हजेरी आणि स्टेशन डायरी उरकून गिरणीवर जाई आणि एकेकाला तोच प्रश्न विचारी. मजूर, यंत्रांना तेल घालणारा, चौकीदार, सगळ्यांचे एकच उत्तर. हवा गेली की वाफ बंद. गिरणीच्या फिटरलाही विचारले. हा बडबड्या माणूस होता. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आधी उत्तर देई. या प्रश्नाला मात्र त्याने आधी खिशातले फडके काढून हात पुसले.

"हवा गेली की बंद. तेवढंच, सायब."

सणाची सुट्टी होती. त्याचे हात स्वच्छ होते. हेही मी लिहून ठेवले. स्वच्छ हात पुसणारा माणूस मनात काहीतरी घासत असतो, असे माझे बऱ्याच वर्षांचे निरीक्षण आहे.

पाचव्या दिवशी दोघी बहिणी ठाण्यात आल्या. एकाच दमणीतून, बैलांच्या छोट्या गाडीतून आल्या, पण उतरल्यावर दोन बाजूंना उभ्या राहिल्या. फायरमनची बायको धाकटी. ती सतत रडत होती. मयताची बायको रडत नव्हती. तिने माझ्याकडे सरळ पाहून बोलायला सुरुवात केली.

"सायब, लोक म्हणतात त्यानं मारलं. ही म्हणते नाई मारलं. मले कोनाचंच आयकाचं नाई. तुमी पाहून सांगा."

"आणि मारलं असं निघालं तर?"

"तं मी आंगनात मधातून कूड घालीन. ही माही सख्खी बहीन हाय, तरी घालीन. तुराट्या आनून ठेवल्या हायेत."

धाकटी म्हणाली, "अक्का, असं नोको बोलू वं."

"काहून नोको? तुहा तं जित्ता हाय."

मग पुन्हा मला म्हणाली, "पन खोटं सांगू नोका. मले बरं वाटावं म्हणून नोका सांगू, अन् हिले बरं वाटावं म्हणून बी नोका सांगू. लवकर सांगा. असं अर्धवट राह्यनं जमत नाई."

त्या दिवशी मला उमगले की फक्त आरोपीच्या शिक्षेचा प्रश्न नव्हता. मी चूक लिहिले तर त्या अंगणात कूड उभा राहणार होता आणि तो पुढे कोणत्याही कोर्टाला काढता आला नसता.

सहाव्या दिवशी मुदतवाढीचा अर्ज लिहायचा म्हणून पंचनामा समोर घेतला. अर्जात मजकूर उतरवताना ती ओळ आली: एक नंबरच्या वॉल्व्हवरील अक्षरे उलटी. माझी लेखणी थांबली. एक नंबरच्या. मी तसे लिहिले होते, म्हणजे दुसराही होता. दोन नंबरच्या वॉल्व्हची अक्षरे कशी आहेत, हे मी पाहिलेच नव्हते.

जमादाराला सायकल काढायला सांगितली. गिरणीत गेलो. दोन नंबरच्या वॉल्व्हवरची अक्षरे सरळ होती.

आता हे काम आमचे नव्हते, जाणत्याचे होते. गिरणीच्या फिटरला हात लावू द्यायचा नाही, हे ठरवले. कारंज्याच्या एका जिनिंग कारखान्यातला म्हातारा मिस्त्री बोलावला. बॉयलर निववून घेतला. पंचांसमोर दोन्ही वॉल्व्ह नळीवरून उतरवले, नंबराच्या चिठ्ठ्या बांधून लाखेची मोहोर केली आणि मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणले. दोन्ही एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे. म्हाताऱ्याने एक नंबरचा वॉल्व्ह हातात फिरवून पाहिला.

"छत्री सरळ हाय, सायब. खालचं धड उलटं करून बसवलं. बोल्टाच्या डोक्यावर पान्याचे ताजे वण हायेत, हे पाहा."

"त्याने काय होतं?"

"सांगून तुमाले पटनार नाई. सायकलचा पंप आना."

ठाण्याच्या पडवीत टेबल मांडले. बाजारातल्या सायकलवाल्याकडून पंप आणला, रबरी नळीने छत्रीला जोडला. आधी दोन नंबरचा वॉल्व्ह. म्हाताऱ्याने एका तोंडातून तांब्याने पाणी ओतले. दुसऱ्या तोंडातून थेंब आला नाही. शिपाई पंप मारू लागला. दहा-बारा दाबांनंतर पाणी भळभळ वाहू लागले. हवा सोडली, पाणी थांबले. हवा आहे तर वाफ आहे. हवा गेली की बंद. सगळी गिरणी जे सांगत होती तेच.

मग एक नंबरचा. पाणी ओतताच ते पलीकडून खाली पडले. शिपाई दम लागेपर्यंत पंप मारत राहिला तेव्हा पाणी थांबले. हवा सोडली. पुन्हा धार.

हेडमास्तर चष्मा पुसू लागले. जमादार टेबलापाशी आला, त्याने स्वतः पंप घेऊन तीन वेळा करून पाहिले आणि मग मला म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तुमाले घाई केली. माही चूक." वयाने मोठ्या माणसाने हाताखाली असून असे म्हणणे सोपे नसते. मी त्याचा शब्द डायरीत लिहिला नाही, पण विसरलोही नाही.

फिटरला बोलावले. दोन्ही वॉल्व्ह टेबलावर, पंप त्याच्या हातात. एवढेच म्हणालो, "मिस्त्री, एक नंबरला हवा मारा."

त्याने पंप खाली ठेवला. फडके काढले, हात पुसले, आणि मग आपणच बोलू लागला.

"कंप्रेसर बंद पडला की वाफ बंद होये, सायब. डेगेतली सरकी थंडी पडून दगडावानी जमे. सबलीनं फोडा लागे, अख्खा दिवस जाये. मॅनेजर सायब म्हनले, असं कर का हवा गेली तरी वाफ चालू राह्यली पाह्यजे. म्या धड उलटं केलं, पेटीतला पेच बी उलटा केला, म्हनजे वाफ नोको तवा पेटी हवा देते. काटा लावनाऱ्याले काई फरक दिसत नाई. एका डेगेवर करून पाहू म्हनले, मंग दुसरी."

"कधी?"

"नवमीच्या चार रोज आंदी."

"मजुरांना सांगितलं?"

"म्या इचारलं, सांगू काय. म्हने, सन होऊ दे, मंग साऱ्याइले एकदमच सांगू."

मग मी कोठडी उघडून फायरमनला बाहेर घेतले. पहिल्यांदाच त्याला वेगळा प्रश्न विचारला. "त्या दिवशी हवा सोडायला कोण म्हणालं?"

"मॅनेजर सायब. भटजी येऊन थांबले होते. सायब म्हनले, बंद करा ती भणभण, मशीन चालू ठेवून पूजा कशी करायची? अन् टाकी बी रिकामी करा. डेगेतून साडभाऊ बी वरडला, सोड रे बुवा हवा, धून झालं माहं, मी निंघूनच राह्यलो. मंग म्या तोटी सोडली."

खांडेनवमीला कोणतेही हत्यार, कोणतेही यंत्र चालवत नाहीत. त्याला विश्रांती द्यायची, धुवायचे, पुजायचे. गिरणीत त्या घडीला चालू असलेले एकच यंत्र होते, कंप्रेसर, आणि त्याच्याच हवेने एक नंबरची वाफ अडवून धरली होती. त्याची पूजा करायची म्हणून त्यांनी ते थांबवले.

"हे इतके दिवस का सांगितलं नाहीस?"

तो म्हणाला, "तुमी इचारलंच कुठी? तुमी इचारलं, कसा मारला."

नोकरीत मला पुष्कळ बोलणी खावी लागली. या एका वाक्याइतके काही लागले नाही.

मॅनेजर शेवटी. तो आला तेव्हा आधी म्हणाला की हा अपघात आहे आणि यंत्रातले पोलिसांना काय कळते. मी त्याच्यापुढे दोन्ही वॉल्व्ह चालवून दाखवले. तो खुर्चीत मागे टेकला.

"मला त्या क्षणी आठवलंच नाही," तो म्हणाला. "पूजेची वेळ टळत होती. नारळ माझ्या हातात होता."

ते खरे होते, यावर माझा आजही विश्वास आहे. मी ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतले. तो दुष्ट माणूस नव्हता. पण चार दिवस त्याला बोलायला वेळ होता आणि सांगायला चार वाक्ये पुरली असती. कारखाना निरीक्षकांचा अहवाल आमच्या पडवीतल्या पाण्याशी जुळला. हयगयीने मृत्यूस कारण झाल्याबद्दल मॅनेजर आणि फिटर या दोघांवर चालान गेले, आणि दोघांनाही शिक्षा झाली. फायरमनसारख्याला सोडताना 'पुराव्याअभावी' असे लिहायचा रिवाज होता. मी अहवालात 'निर्दोष' असा शब्द घातला. अकोल्याहून त्यावर शेरा आला, की इतक्या स्पष्ट शब्दाची गरज नव्हती. मी तो बदलला नाही.

सोडायच्या दिवशी दोघी बहिणी आल्या. मोठी म्हणाली, "सांगू नोका. दाखवा."

मी दाखवले. मग तिने शिपायाच्या हातून पंप घेतला आणि स्वतः मारला. पाणी थांबले. तिने हवा सोडली. पाण्याची धार फरशीवर पडताना ती बघत उभी राहिली. पुन्हा पंप मारला, पुन्हा सोडला.

फायरमन भिंतीशी उभा होता. खाली बघत म्हणाला, "अक्का, हात तं माहाच होता."

"हाव, तुहाच होता," ती म्हणाली. "तुले बंद कर म्हनलं, तू बंद केलं. चाल घरी. गाय दोन दिवसापासून कोनाले हात लावू देत नाई."

दमणीत तिघे बसून गेले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, ते मी नव्या पोरांना नेहमी सांगत असे. यादी करणे सोपे आहे, ती वाचणे अवघड. खरी ओळ माझ्या हातानेच पहिल्या दिवशी लिहिली गेली होती, पण मी रेघ मारली ती टपरीवरच्या थट्टेखाली. साडू एकमेकांना काय काय बोलतात ते मला माहीत नव्हते असे नाही. पण माणूस मेल्यावर त्याच थट्टेला धार येते, आणि तिच्या नादाने आपण 'कोणी' विचारत बसतो, 'कसे' विचारत नाही. आरोपीने 'मी केले' म्हटल्यावर तर चौकशी खरी सुरू व्हायला हवी.

पुढच्या उन्हाळ्यात एका बैलचोरीच्या तपासावर मी आसेगावकडून जात होतो. वाटेत ते अंगण लागले. मध्ये कूड नव्हता. रांजण होता त्या जागीच होता. त्याला ऊन लागू नये म्हणून तुराट्यांचा छोटा मांडव घातला होता.